कुणाच्या दारात जायचं?

वेल्हे तालुक्यात पानशेत धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या एका वाडीत एक सून होती. बायकांत जास्त शिकलेली तीच, म्हणून बचत गटाची सचिव तिलाच केलं. वाडीत पिकतो इंद्रायणी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून निघालेलं हे भाताचं वाण. तांदूळ शिजायला लागला की शेजारच्या घरी कळतं. पण वर्षानुवर्षं व्यापारी खळ्यावर यायचा आणि म्हणेल त्या भावानं भात उचलून न्यायचा. सुनेनं भात गिरणीवर भरडून घेतला, दहा-दहा किलोच्या गोण्या शिवल्या आणि फोनमधल्या मेसेजच्या ॲपवरून पुण्यातल्या घरांना थेट विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, कुणाला जुना तांदूळ लागतो, कुणाकडून किती पैसे यायचे, सगळं त्या ॲपमध्येच. वही ठेवायची गरजच वाटली नाही. हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला तेव्हा बायकांनी त्या फोनला हळदीकुंकू लावलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. व्यापाऱ्याच्या तावडीतून त्या फोनमुळंच सुटल्या होत्या.

2023 च्या दिवाळीनंतर झोडणी उरकली. सुनेनं एका रात्रीत सगळ्या गिऱ्हाइकांना एकच मजकूर पाठवला: नवा इंद्रायणी आलाय, गोणी सांगून ठेवा. सकाळी ॲप उघडलं, तर खातं बंद. कारण एवढंच दिलं होतं की तुम्ही आमच्या अटी मोडल्या. कुठली अट, ते नाही. तिनं विनंती लिहून धाडली. उत्तर मिनिटाच्या आत आलं आणि त्यात पुन्हा तेच वाक्य होतं.

सासरे ओट्यावर बसून सगळं बघत होते.

"ऑफिस कुठं हाय त्यांचं? वेल्ह्याला? भोरला?"

"परदेशात आहे, आबा."

"मग हितला साहेब कोन?"

"साहेब नाही. मशीन उत्तर देतंय."

"अगं, मशीनला चालवणारा कुनीतरी आसंल की. कुनाच्या दारात जायचं, तेवढं सांग. मी येतो संगट."

आबांना दारं माहीत होती. पानशेतच्या पाण्यात त्यांचं जुनं घर गेलं तेव्हा ते लहान होते. वडिलांचं बोट धरून कचेऱ्यांच्या पायऱ्या त्यांनी झिजवल्या होत्या. घर वाचलं नाही. पण नोटीस हातात पडली होती, तिच्यावर शिक्का होता, सही होती, आणि सही करणाऱ्या साहेबापुढं उभं राहून त्यांच्या बापानं चार शब्द सुनावले होते. त्याआधीचंही आबांनी ऐकलं होतं. शेजारच्या मुळशीत टाटांच्या कंपनीनं वीज करण्यासाठी धरण बांधायला घेतलं, तेव्हा 1921 साली मावळे सेनापती बापटांबरोबर थेट कामावर जाऊन बसले. धरण झालंच, मावळे हरले. तरी कंपनी कुठली, तिचं काम कुठं चाललंय आणि आपण कुणापुढं बसायचं, हे त्यांना ठाऊक होतं. सुनेला मात्र जाऊन बसायला जागाच नव्हती.

आठवडाभर तांदूळ पडून राहिला. गटातल्या दोघींनी व्यापाऱ्याला निरोप धाडायचं ठरवलंसुद्धा.

गोण्या पुण्याला दुधाच्या टेम्पोनं जायच्या. कुठली गोणी कुणाच्या घरी द्यायची, याची चिठ्ठी सून ड्रायव्हरला लिहून द्यायची: नाव, पत्ता, फोन नंबर. गोणी पोचली की गिऱ्हाईक चिठ्ठीवर सही करायचं आणि ती परत यायची. सुनेच्या लेखी तिचं काम तिथं संपायचं. पण गोण्या शिवणारी शेजारची मावशी, जिला सहीसुद्धा येत नाही, ती प्रत्येक चिठ्ठी चुलीमागच्या भिंतीवरच्या तारेत खोचून ठेवायची. पैशाच्या व्यवहाराचा कागद टाकू नये, एवढंच तिला माहीत. धुरानं पिवळ्या पडलेल्या, मधोमध भोक पडलेल्या चिठ्ठ्यांची ती वीतभर चळत मावशीनं तारेसकट काढून सुनेपुढं ठेवली. दोघी रात्रभर उकलत बसल्या. काही नंबर तेलकट बोटांनी पुसले होते, बरेचसे वाचता आले. दुसऱ्या दिवसापासून सुनेनं एकेकाला साधा फोन लावला. कुणी म्हणालं, आम्हाला वाटलं तुम्ही विकणं बंद केलं. कुणी दोनाच्या जागी चार गोण्या सांगितल्या. व्यापाऱ्याला धाडायचा निरोप राहिला तो राहिलाच.

खातं मात्र बंदच होतं. शाळेतल्या गुरुजींनी सुनेला बसवून सांगितलं. एकाच नंबरवरून थोड्या वेळात एकच मजकूर शेकडो लोकांना गेला की यंत्राला तो फसवणाऱ्याचा वाटतो. तुझं बहुधा तेच झालं. असे फसवणारे खरोखरच लाखांनी आहेत. एकट्या व्हॉट्सॲपनं नोव्हेंबर 2023 या एका महिन्यात भारतातली 71 लाखांहून जास्त खाती बंद केली. एवढ्यांचा निवाडा माणसं बसून करत नाहीत, आणि मग चोराबरोबर संन्यासीही सुळावर जातो. पण दार अगदीच नाही असं नाही. सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार अशा मोठ्या कंपनीला भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव जाहीर करावं लागतं, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणं त्यानं 15 दिवसांत तक्रार निकाली काढायची होती. समाधान झालं नाही तर 30 दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडं जाता येतं. ही समिती मार्च 2023 पासून काम करते, फीही लागत नाही. मात्र अर्ज ऑनलाइनच करायचा.

हे दार वाडीत कुणी ऐकलंही नव्हतं. ज्या कंपनीच्या अटींना आपण न वाचता अंगठा लावतो, तिला जाब विचारायची सोय देशाच्या कायद्यात आहे, हे रेशन दुकानाच्या फळ्याशेजारी लिहून ठेवायला हवं, असं मला फार वाटतं.

सुनेनं अधिकाऱ्याला लिहिलं. आबांनी मजकूर दोनदा वाचून घेतला आणि "मेहरबानी करावी" हे शब्द खोडायला लावले. पंधरवड्यानं उत्तर आलं, पुन्हा तेच वाक्य. तिनं समितीकडं अपील केलं. चार दिवसांनी, कुणी काही न विचारता, खातं आपोआप चालू झालं. चूक झाली असं कळवलं नाही, कारणही सांगितलं नाही.

वाडीत पेढे वाटायची तयारी झाली. गटाच्या बैठकीत ठरलं की मेसेज पाठवायचे, पण थोडेथोडे. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव वहीत चढल्याशिवाय गोणी टेम्पोत चढवायची नाही. वही मावशीच्या घरी राहील. अपील आता मागं घ्यावं, उगाच त्यांना कशाला डिवचायचं, असं बऱ्याच जणींचं मत पडलं.

आबा दारातूनच बोलले, "खातं मिळालं गं. पन जाब कुठं मिळाला? उद्या पुन्हा बंद केलं तर?"

सुनेनं त्या रात्री समितीला आणखी एक कागद धाडला: "माझं खातं सुरू झालं आहे. अपील मागं घेत नाही. खातं कुठल्या कारणानं बंद केलं आणि तो निर्णय कुणी घेतला, हे मला लेखी हवं आहे." खाली तिनं स्वतःची सही केली, आणि गटातल्या बाकीच्यांच्या सह्या घ्यायला ती पहाटे घरोघर निघाली.