अठराची हद्द

सिन्नर तालुक्यात नामदेवच्या व्हॅनला बारा महिने भाडं असे. चैत्रात वणीचा गड, श्रावणात त्र्यंबकेश्वर, उन्हाळ्यात लग्नं आणि एरवी मुंबईच्या विमानतळावर जाणारी-येणारी मंडळी. गाडीवर त्याचा भाचा संतू क्लीनर होता. काचा पुसणं, टपावर सामान बांधणं आणि गाडी निघण्याआधी टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, चारही टायर ठोकून बघणं ही त्याची रोजची कामं. टायर टणटणलं की हवा ठीक, बद्द वाजलं की कमी.

समृद्धी महामार्ग सुरू झाला तसे टायर फुटल्याचे किस्से ड्रायव्हर लोकांच्या तोंडी रोज येऊ लागले. सरळसोट सिमेंटचा रस्ता, अडवायला ना सिग्नल ना गाव. गाडी तासन्‌तास एकाच वेगानं पळते आणि टायरला गार व्हायला उसंत मिळत नाही. नामदेवनं ते मनावर घेतलं आणि नाशिकला जाऊन हवेचा इशारा देणारं यंत्र बसवून आणलं. व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे चार सेन्सर आणि डॅशबोर्डवर चिकटवलेला, उन्हावर चार्ज होणारा एक छोटा पडदा. प्रत्येक सेन्सर आपल्या चाकातली हवा मोजतो आणि बिनतारी पडद्याला कळवतो.

दुकानदारानं ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचलं. हवा ३६ पीएसआय, भरल्या गाडीला मागच्या चाकांत ४०. मग त्यानं ३६च्या वीस टक्के खाली, म्हणजे २९वर, हद्द लावली. "याच्याखाली गेलं की ओरडेल," तो म्हणाला, "आणि ओरडलं की थांबायचं."

पहिले काही महिने नामदेव प्रत्येक गिऱ्हाइकाला पडदा दाखवी. "आपली गाडी बोलते," असं म्हणे. टॉमी सीटखाली गेली आणि तिथंच राहिली.

डिसेंबरात थंडी पडली. निफाड-सिन्नरकडची थंडी अंगात शिरते, तशी ती टायरमध्येही शिरते. बाहेरचा पारा पाच-सहा अंश उतरला की टायरातली हवा सुमारे एक पीएसआयनं उतरते. त्यात नामदेव हवा भरे ती नेहमी दुपारी, नाशिकहून परतताना, टायर तापलेले असताना. तापलेल्या टायरात मीटर ३६ दाखवी, पण तेच टायर गार झाल्यावर चार-पाच कमी भरत. शिवाय धडधाकट टायरही महिन्याकाठी थोडी हवा सोडतंच. परिणाम एवढाच की पहाटे पाचला गाडी सुरू केली, की यंत्र टींटीं करू लागे. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर टायर तापत, आकडा वर चढे आणि यंत्र गप्प होई.

यंत्र खरं तेच सांगत होतं. गार टायरात जेवढी हवा हवी तेवढी नव्हती. पण नामदेवनं ध्यानात ठेवलं ते त्याचं आपोआप गप्प होणं.

"खोटारडं आहे," तो म्हणाला. "पहाटे बोंबलतं आणि शिंदे टोलनाक्यापर्यंत विसरतं."

एका पहाटे विमानतळाचं भाडं होतं. मागे बसलेल्या बाई टींटीं ऐकून घाबरल्या. "गाडी धड आहे ना हो?" त्यांनी तीनदा विचारलं. त्या दिवशी घरी आल्यावर नामदेवनं पडद्याची बटणं दाबत बसून हद्द २९वरून २६वर आणली. पुढचे आठ दिवस शांततेत गेले. कडाका वाढला, यंत्र पुन्हा वाजलं. हद्द २२वर आली.

त्याच सुमारास संतू म्हणाला, "मामा, मागचं डावं टायर बसल्यासारखं दिसतंय."

"पडदा काय म्हणतो?"

"पडदा गप्प आहे."

"मग तू कशाला बोलतोस? मशीनपेक्षा शहाणा झालास का?"

संतू पुन्हा चार दिवसांनी बोलला, तेव्हा गाडीत गिऱ्हाईक होतं. नामदेवनं त्याला सगळ्यांदेखत झापलं. "गिऱ्हाइकासमोर असली अभद्र बडबड करायची नाही!" संतूनं मान खाली घातली आणि सामान बांधायला लागला.

फेब्रुवारीत यंत्र शेवटचं वाजलं. नामदेवनं हद्द १८वर नेऊन ठेवली. मार्चमध्ये पुढच्या उजव्या चाकाचा आकडा पडद्यावरून नाहीसा झाला आणि तिथं नुसत्या दोन आडव्या रेघा दिसू लागल्या. सेन्सरचा सेल संपला होता. नामदेवनं त्या रेघांकडे पाहिलं आणि मनाशी म्हणाला, रेघा आहेत म्हणजे तक्रार नाही. यंत्र आता एकदम शहाणं झालं होतं. महिनोन्‌महिने एक शब्द बोलत नव्हतं.

मे महिन्यात जालन्याच्या लग्नाचं भाडं आलं. नवरीचे मामा सिन्नरचे. मुहूर्त साडेबाराचा. भाचीला मांडवात मामानं घेऊन यायचं असतं, म्हणून मामा पहाटेच तयार होऊन फेटा बांधून बसले होते. माणसं खच्चून बसली, टपावर आहेराची भांडी चढली. मागच्या टायरांना त्या दिवशी ४० हवा लागत होती.

संतू दोरी आवळत होता. मागचं डावं टायर त्याच्या नजरेसमोर होतं. बुडाशी चांगलं फाकलं होतं. त्यानं खिडकीतून पडद्याकडे पाहिलं. त्या चाकाचा आकडा २४ होता. त्याचं तोंड उघडलं. मग त्यानं फेटेवाल्या मामांकडे पाहिलं, स्वतःच्या मामाकडे पाहिलं, दोरीची गाठ मारली आणि आपल्या जागी जाऊन बसला.

गाडी गोंद्याजवळून समृद्धीवर चढली. ऊन वर आलं तसा आकडाही चढू लागला. २५, २६, २७. "बघ," नामदेव खुशीत म्हणाला, "आपोआप भरतंय."

भरत काहीच नव्हतं. हवा कमी असलेलं टायर प्रत्येक फेऱ्याला नको तेवढं दबतं आणि उलगडतं. त्या दबण्याउलगडण्यानं त्याच्या बाजूच्या भिंती तापतात. आतली होती तेवढीच हवा तापून फुगते आणि आकडा वाढतो. म्हणजे ज्या तापानं टायर मरतं, तोच ताप पडद्यावर बरं दिसणारं चित्र काढत असतो. या यंत्राला तापमानही कळतं, पण टोपीतला सेन्सर बाहेर वाऱ्यात फिरतो. आतल्या रबराचा ताप त्याच्यापर्यंत पुरता पोचत नाही.

वैजापूर मागे पडलं आणि जळक्या रबराचा वास आला. गाडीची शेपटी हलल्यासारखी वाटली. पुढच्याच क्षणी मोठा आवाज झाला आणि व्हॅन डावीकडे ओढ घेऊ लागली. नामदेवचा हात मात्र जुन्या ड्रायव्हरचा होता. त्यानं ब्रेकवर पाय दाबला नाही, स्टिअरिंग घट्ट धरलं, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडला आणि गाडी कडेच्या पट्टीत आणून उभी केली. सगळे खाली उतरले आणि लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन उभे राहिले. कुणाला खरचटलंही नाही.

संतूनं जॅक लावला, स्टेपनी काढली, आणि ती हातातच बद्द वाजली. चार सेन्सर चार चाकांना होते. पाचव्या चाकाची हवा कुणी आणि कधी बघितली होती हे दोघांनाही आठवेना.

वैजापूरहून टायरवाला येईपर्यंत दोन तास गेले. जालन्यात मुहूर्त गाठायचा होता, तिथल्या मंडळींनी तो गाठला. नवरीला मांडवात आणलं ते तिच्या चुलत्यानं. मामा पोचले तेव्हा पंगती बसल्या होत्या. त्यांनी नामदेवला एक शब्द सुनावला नाही. भाडं ठरलं होतं तेवढं पुरतं दिलं, रुपया कापला नाही. नामदेवला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तो फाटकं टायर घेऊन फाट्यावरच्या आक्काकडे गेला. नवरा गेल्यापासून आक्का पंक्चरचं दुकान एकटी चालवत होती आणि तालुक्यातल्या निम्म्या गाड्यांचे खिळे तिनं काढले होते. तिनं टायर रिमवरून उतरवून आत हात फिरवला. हाताला काळी पूड लागली.

"हे बघ. आतलं रबर दळलं गेलंय. टायर एका दिवसात नाही मेलं, लई दिवस कमी हवेवर पळत होतं." मग तिनं पकडीनं एक बारका खिळा ओढून काढला. "याच्यातून हवा थेंबाथेंबानं जात होती. तुझ्या गाडीत ते मशीन आहे ना? ओरडलं नाही?"

"नाही ओरडलं," नामदेव म्हणाला. "फुकट पैसे गेले."

आक्कानं व्हॅनचं दार उघडून पडद्याची बटणं दाबली. हद्द १८. तिनं नामदेवकडे पाहिलं.

"ही कुणी लावली?"

नामदेव काही बोलला नाही.

"हे बघ भाऊ," आक्का म्हणाली, "परवा एक डॉक्टर आले होते. त्यांच्या गाडीला असल्या टोप्या नाहीत, चाकांच्या फिरण्यावरून गाडी स्वतःच हवा ताडते. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त फेरे मारतं, ते तिला कळतं. दिवा लागला की डॉक्टर रीसेटचं बटण दाबायचे. हवा न भरता दाबलं, की गाडी तीच कमी हवा बरोबर धरून चालते. पुढं ती ओरडणार कशाला? तुझी गत तीच. मशीन बिघडलेलं नाही. तू सांगितलंस तसं वागलं."

मग तिनं हातासरशी सगळं मांडलं. हवा पहाटे, गाडी हलण्याआधी, गार टायरात मोजायची. ओझं असेल तेव्हा स्टिकरवरचा भरल्या गाडीचा आकडा धरायचा. तापल्या टायरातली हवा जास्त दिसली म्हणून सोडायची नाही. महिन्यातून एकदा हातातल्या मीटरनं मोजून पडद्याशी ताळा बघायचा, कारण सेन्सरही चुकतो. टोप्यांचे सेल वर्ष-दोन वर्षांत संपतात, ते बदलताना आतली रबरी रिंगही बघायची. टोपी घट्ट बसल्यावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला तर हवा तिथूनच जातेय. रबरी व्हॉल्व्हला टोपीचं वजन सोसत नाही, तिथं धातूचा व्हॉल्व्ह बरा. चाकं अदलाबदल केली तर ज्या जागेची टोपी त्याच जागेवर परत आणायची, नाहीतर पडदा डाव्याची तक्रार उजव्याच्या नावावर सांगेल. "आणि रेघा दिसल्या," ती म्हणाली, "तर तिथं ठीक आहे असं नाही. तिथं काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ."

बोलता बोलता ती संतूकडे वळली. "पोरा, तू रोज चाकाजवळ असतोस. तुला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं," संतू म्हणाला.

"मग?"

संतूनं मामाकडे पाहिलं आणि गप्प राहिला.

आक्का हात पुसत नामदेवला म्हणाली, "मशीनची हद्द तू अठरावर नेलीस. या पोराची तर त्याच्याही खाली नेऊन ठेवलीस."

नामदेवनं त्याच दिवशी हद्द २९वर आणली, चारही सेल बदलले आणि स्टेपनीत हवा भरली. पण आक्काचं शेवटचं वाक्य कुठल्या बटणानं दुरुस्त करायचं हे त्याला लगेच उमगलं नाही. दोन-तीन दिवसांनी त्यानं एक चांगलं मीटर विकत आणून संतूच्या हातात ठेवलं. "रोज सकाळी पाचही चाकांचे आकडे मोठ्यानं सांगायचे. तू बोलल्याशिवाय मी किल्ली फिरवणार नाही." पहिले काही दिवस संतू पुटपुटल्यासारखा सांगे. नामदेव म्हणे, "ऐकू नाही आलं." हळूहळू आवाज वाढला.

पुढच्या डिसेंबरात विमानतळाच्या भाड्याला पहाटे यंत्र वाजलं. संतू म्हणाला, "मामा, मागच्या दोन्हीत कमी आहे." गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. नामदेवनं गाडी फाट्यावर घेतली, आक्काला उठवलं, टायर तपासून घेतले. खिळा नव्हता, गळती नव्हती. थंडीनं हवा उतरली होती, तेवढीच भरून घेतली. पंधरा मिनिटं गेली. "काहीच नव्हतं, उगाच थांबलात," गिऱ्हाईक कुरकुरलं.

"काही नव्हतं हे कळायलाच थांबलो," नामदेव म्हणाला, आणि संतूला म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस."

तात्पर्य : इशारा खोटा ठरला तर थोडा वेळ जातो. पण इशारा देणाऱ्याला आपल्या सोयीनं गप्प केलं, मग ते यंत्र असो की माणूस, तर तो आपल्याला आवडेल तेवढंच बोलायला शिकतो. राखणदाराचीही राखण करावी लागते. त्याचा सेल बदलावा, त्याची हद्द खरी ठेवावी आणि तो बोलला की त्याला पुन्हा बोलावंसं वाटेल असं वागावं.