चौकात काठी टेकून बसलेली माणसे



मध्यंतरी कुटुंबभेटीला फिरत असताना एका घरी संध्याकाळी बसलो होतो. आई चहा टाकायला आत गेली होती, वडील अजून लोकलमध्ये होते. सोफ्याच्या कोपऱ्यात त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा कानाला हेडफोन लावून मोबाइलवर खेळत होता. फादर घरी आलेत हे त्याच्या गावीही नव्हते. खेळता खेळता तो हिंदीत कुणाला तरी म्हणाला, "हाँ भैया, मम्मी किचन में है."

मी दचकलो. खेळ संपल्यावर त्याला विचारले, "बाळा, हा भैया कोण?" म्हणाला, "माझा टीममेट आहे, फादर." कुठला? माहीत नाही. केवढा? त्याने खांदे उडवले. "पण तो खूप भारी खेळतो!"

आई चहा घेऊन आली तेव्हा मी तिच्या कानावर घातले. ती म्हणाली, "फादर, गेम लहान मुलांचाच आहे. मी बघूनच घेतलाय, त्यावर सात प्लस लिहिलंय." ती माऊली अगदी खरे बोलत होती. तिने आपल्यापैकी पुष्कळांपेक्षा जास्त काळजी घेतली होती, निदान वय तरी पाहिले होते. तो भैया कदाचित कुणी साधा कॉलेजचा पोरगा असेल. मात्र आई स्वयंपाकघरात आहे की नाही, हे त्याला कशाला हवे होते, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि तिच्याकडेही नव्हते. (त्या कुटुंबाची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे.)

जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, एक लहानसे चित्र आहे. बाबेलच्या बंदिवासातून लोक परतले आहेत, येरुशलेम मोडून पडलेले आहे, मंदिराचे काम अजून पुरे व्हायचे आहे. अशा लोकांना देव पुढच्या दिवसांचे वचन देतो. त्या वचनात तो सैन्य दाखवत नाही, सोनेनाणे दाखवत नाही. नगराच्या चौकांत म्हातारे-म्हाताऱ्या हातात काठी घेऊन बसल्या आहेत आणि तेच चौक खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत, एवढेच तो दाखवतो. सेमिनरीत हा उतारा वाचला तेव्हा माझे लक्ष खेळणाऱ्या मुलांकडे गेले होते. आता चाळिशी ओलांडल्यावर ते काठी टेकून बसलेल्या माणसांकडे जाते. देवाने दोघांना एकाच चौकात ठेवले आहे.

आपल्या वसईत हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. वाडीत लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या चालायच्या आणि ओट्यावर कुणाची तरी आजी सूप घेऊन निवडत बसलेली असायची. ती खेळाकडे बघतही नसे, पण तिला सगळे कळायचे. अनोळखी माणूस पोरांपाशी घुटमळला की सूप खाली न ठेवताच ती विचारायची, "कोणाकडे आलास रे?" तेवढ्या प्रश्नाने पुष्कळ काम होत असे.

जुने ते सारे सोन्याचे, असे मला म्हणायचे नाही. त्याच वाडीत मारामाऱ्या होत, घाणेरड्या शिव्याही मुले तिथेच शिकत, आणि ओळखीची मोठी माणसे सगळीच भरवशाची नसत. हा शेवटचा धडा ख्रिस्तसभेला फार उशिरा आणि फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला; ती किंमत मुलांनी दिली. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र आयोग नेमला तो त्यामुळेच. आज आपल्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गाचे दार उघडे असते, एकटे मूल आणि एकटा मोठा माणूस बंद खोलीत बसत नाहीत. मग चर्चच्या खोलीला लावलेला नियम मोबाइलमधल्या खोलीला का लावू नये?

कुणाचा असा समज होऊ नये की फादर खेळाच्या विरोधात आहेत. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिऑलॉजिया'मध्ये खेळावर स्वतंत्र प्रश्न घेतला आहे. तिथे ते जुन्या मठवासीयांमध्ये सांगितली जाणारी संत योहानाची गोष्ट देतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना दिसला म्हणून काहीजण नाराज झाले. तेव्हा त्याने एका धनुर्धाऱ्याला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि विचारले, असे सतत करत राहशील का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने सांगितले. ॲरिस्टॉटलने योग्य प्रमाणातल्या विनोदाला आणि खेळाला सद्गुण मानले होते. थॉमस ते उचलून धरतात आणि पुढे सांगतात की खेळतानाही व्यक्ती, वेळ आणि स्थळ यांचे भान हवे. आपण घरोघरी वेळेवरून भांडतो. "किती वेळ झाला? ठेव तो मोबाइल!" व्यक्तीबद्दल मात्र क्वचितच विचारतो.

म्हणून त्या ७+ कडे पुन्हा येऊ. प्ले स्टोअरवर खेळाच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असे आकडे असतात. अमेरिकेत अशी वर्गवारी १९९४ पासून आहे, युरोपात २००३ पासून. ती उपयोगी आहे, जरूर पाहावी. पण ती खेळ तपासते: रक्त किती, शिव्या किती, जुगार आहे का, अश्लीलता आहे का. समोरून खेळणारा माणूस कोण, हे कोणत्याही परीक्षकाला तपासता येत नाही. अमेरिकेतील मंडळ तर ऑनलाइन संवादाला आमचे मानांकन लागू नाही, असे स्वतःच स्पष्ट करते. त्या आकड्याची माहिती उघडून पाहिली तर अनेक खेळांना 'युजर्स इंटरॅक्ट' अशी बारीक नोंद दिसेल. म्हणजे इथे इतर माणसे तुमच्या मुलाशी बोलू शकतात. वयाच्या आकड्यापेक्षा ही नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते.

आता मुलांच्या वयाकडे येऊ. अगदी लहानांचा प्रश्न सोपा आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एक तासाहून जास्त पडद्यासमोर बसू नये आणि त्याहून कमी तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. सहा-सात वर्षांपर्यंत अनोळखी माणसांबरोबर ऑनलाइन खेळण्याचे कारणच नाही. खेळायचेच असेल तर एकाच मोबाइलवर, शेजारी बसून. नवी मुंबईतल्या कंपनीचा लुडो किंग आठवा; २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो घराघरांत पोहोचला. त्यात एकच मोबाइल हातोहात फिरवून खेळता येते, आणि जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या अनोळखी माणसाबरोबरही खेळता येते. खेळ तोच, फक्त आत शिरताना दार निराळे. मुलाने कोणते उघडले हे पाहायला हवे.

आठ ते दहा या वयात मुलांना सवंगडी हवेच असतात, आणि ते योग्यच आहे. माइनक्राफ्ट हा २०११ साली पूर्ण स्वरूपात आलेला स्वीडिश कंपनीचा खेळ मला त्या मानाने बरा वाटतो. ठोकळ्यांवर ठोकळे रचून घरे, पूल, शेते उभारायची. आपल्या धर्मग्रामातल्या एका मुलीने त्यात आपले चर्च बांधले आहे, घंटेसह (वेदी मात्र उलट्या बाजूला आहे). हा खेळ एकट्याने खेळता येतो, घरच्या वायफायवर भावंडांबरोबर खेळता येतो, किंवा फक्त आपण बोलावलेल्या मोजक्या मित्रांसाठी खासगी जागा घेता येते. मात्र त्यालाही हजारो अनोळखी खेळाडूंचे सार्वजनिक सर्व्हर आहेत, तिथे या वयात नको. बुद्धिबळाची आवड असेल तर लिचेस मोफत आहे, जाहिराती नाहीत आणि त्यात मुलांसाठी अशी सोय आहे की ती चालू केली की गप्पांचे सर्व मार्ग बंद होतात. समोरचा अनोळखी असला तरी तो फक्त घोडा हलवू शकतो, आईबद्दल विचारू शकत नाही.

रोब्लॉक्सबद्दल पालक सर्वात जास्त विचारतात. २००६ साली सुरू झालेला हा एक खेळ नव्हेच, तो लोकांनी बनवलेल्या लाखो खेळांचा बाजार आहे. त्यातला एक बागकामाचा असतो आणि त्याच्या शेजारचा भलताच. त्यामुळे "रोब्लॉक्स चालेल का?" हा प्रश्न "बाजारात मुलाला सोडू का?" या प्रश्नासारखा आहे. हात धरून असाल तर जा. चॅट करण्यासाठी वयाची तपासणी सक्तीची करू, असे कंपनीने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केले. चांगले झाले, पण आजवर आत कोण कुणाशी बोलत होते याची चिंता कंपनीलाही करावी लागली, एवढे त्यातून कळते. दहाच्या आतल्या मुलाने तो एकट्याने खेळू नये, चॅट बंद असावे आणि मित्रांच्या यादीत फक्त प्रत्यक्ष ओळखीची मुले असावीत, असे माझे मत आहे.

आणि ते बंदुकांचे खेळ. शंभर जण बेटावर उतरतात, शेवटी जो उरतो तो जिंकतो. पबजीवर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, २०२१ मध्ये तो बीजीएमआय नावाने आला, २०२२ मध्ये दुकानातून काढला गेला, २०२३ मध्ये परतला. अठरा वर्षांखालील खेळाडूंना त्याने दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. (तीन तास! आपली मुले तेवढा वेळ अभ्यासाला बसत असतील तर मला कळवा.) ती मर्यादाही मुले जन्मसाल बदलून ओलांडतात, आणि पुष्कळदा ते जन्मसाल टाकून देणारा हात वडिलांचा असतो. खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा आम्ही पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात शिकवतो आणि त्याच आठवड्यात ते मूल घरी कागदोपत्री पंचवीस वर्षांचे होते. लहान मुलांच्या हाती हे खेळ देऊ नका, एवढेच सांगतो.

दुसऱ्यांना सांगताना स्वतःचेही सांगितले पाहिजे. मागच्या नाताळच्या तालमीच्या वेळी वेदीसेवक मुले सभागृहात गोंगाट करत होती. मला हिशेब पुरे करायचे होते. मी त्यांना ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड देऊन टाकला. पाच मिनिटांत शांतता झाली आणि मला फार बरे वाटले. तासाभराने बाहेर आलो तर बारा मुले भिंतीला टेकून बसली होती, कुणीच कुणाकडे बघत नव्हते. कोण कुणाबरोबर खेळत आहे हे मी विचारलेसुद्धा नाही. त्या दिवशी चौकात मुले होती. काठी टेकून बसायचे ज्याचे काम होते, तो आत हिशेब लिहीत होता. थकलेल्या आईवडिलांना मी दोष देऊ शकत नाही तो याच कारणाने.

संत कार्लो अक्युतिस यांचे उदाहरण घरोघर दिले जाते. पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांना संतपद बहाल केले. त्यांना व्हिडिओ गेम आवडत आणि आठवड्याला एकच तास खेळायचा असा नियम त्यांनी केला होता. पण आईबाबांनो, त्यांचे नाव छडीसारखे वापरू नका. तो नियम त्यांनी स्वतःहून स्वतःला घातला होता. आपल्या नऊ वर्षांच्या मुलाकडून तशी अपेक्षा करण्याआधी आपणच त्याच्या शेजारी बसायला हवे. खेळ त्याच्याकडून शिकून घ्या, दोनचारदा हरा. रात्री जेवताना "किती वेळ खेळलास?" याऐवजी "आज कोणाबरोबर खेळलास?" असे विचारा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. कुणी मुलाकडे फोटो मागितला, पत्ता विचारला, खेळातली नाणी किंवा कपडे देऊ केले, किंवा "हे घरी सांगू नकोस" म्हटले, तर मुलाला मारू नका आणि रागाने मोबाइल काढून घेऊ नका. मोबाइल जाईल या भीतीनेच मुले गप्प राहतात, आणि तो दुसरा माणूस त्याच भीतीवर जगतो. लोक काय म्हणतील म्हणून मेसेज पुसू नका. त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, मग त्या माणसाला ब्लॉक करा. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास आहे. २०१२ चा पोक्सो कायदा मोबाइलवरून होणाऱ्या अशा छळालाही लागू आहे, पोलिसांत जाताना संकोच नको. एकटे जायचे नसेल तर मला सांगा, मी बरोबर येईन. मध्यरात्री सांगितलेत तरी चालेल.

त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या घरी परवा पुन्हा गेलो. हेडफोन काढून टाकला आहे, आवाज आता मोबाइलच्या स्पीकरवर असतो. तो आपल्या दोन मामेभावांबरोबर खेळत होता आणि शेजारी आजी भाजी निवडत होती. तिला त्या खेळातले ओ की ठो कळत नाही. तरी नवा आवाज आला की ती विचारते, "हा कोण रे?" नातू वैतागतो आणि सांगतो.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात पालकांसाठी एक तास ठेवला आहे. व्याख्यान नाही. धर्मग्रामातील संगणक क्षेत्रात काम करणारे तीन युवक प्रत्येकाच्या मोबाइलवर चॅट कसे बंद करायचे, खरेदीला पिन कसा लावायचा, मित्रांची यादी कशी तपासायची हे दाखवतील. आजी-आजोबांनी आवर्जून यावे. मुलांनाही आणा, कारण अर्ध्या गोष्टी तीच आपल्याला शिकवणार आहेत. मोबाइल घरून चार्ज करून आणावेत. ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड बदलला आहे. नवा पासवर्ड तिथेच, फक्त पालकांना देण्यात येईल.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू