गडाखालची पेठ

आज कुठेही पोचायची घाई नको. बसला आहात तिथेच पाठ टेकवा, खांदे सैल सोडा आणि मनाने कर्जत स्टेशनवर उतरा. कार्तिक महिना आहे. पाऊस सरून गेला आहे, सकाळच्या हवेत गारवा आहे आणि फलाटावर वड्याचा वास दरवळतो आहे. पुण्याकडे निघालेली गाडी उभी आहे. तिला मागून जादा इंजिनं जोडली जात आहेत, कारण पुढे बोरघाट आहे. 1863 साली या घाटातून रेल्वे सुरू झाली, आणि आजही चढावर निघालेल्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात, बळ घेतात आणि मग निघतात. तुम्हीही तसंच करा. दोन-चार श्वास शांतपणे घ्या. मनात घरची, कामाची जी काही कुरकुर चालू असेल ती चालू राहू द्या. तिला हाकलायला गेलात तर ती जास्तच चिकटते.

आता एसटीत बसा. खिडकीची जागा मिळाली आहे असं समजू. गाडी कशेळेच्या बाजूने आत शिरते आणि दोन्ही हातांना भातशेती लागते. कापणी झालेली, खाचरांत धसकटं उरलेली, कुठे खळ्यावर झोडणी चाललेली. याच भागातून पेज नदी वाहते. घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजघरात उतरतं, 1922 पासून तिथे वीज तयार होते आणि काम झालेलं पाणी पेजेत सोडलं जातं. म्हणून एरवी आटणारी ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. भीमाशंकरच्या डोंगररांगेची भिंत आता समोर आली आहे. तिच्या पुढ्यात, भिंतीपासून जरा सुटा, एक सुळका उभा दिसेल. तो कोथळीगड. इथली माणसं त्याला पेठचा किल्ला म्हणतात.

आंबिवलीला उतरा. जवळच नदीकाठी बौद्ध लेणी आहेत, पण आज तिकडे वळायचं नाही. एका दिवसात एकच जागा नीट पाहावी, असं माझं ठाम मत आहे. वाटाड्या आलेला आहे. तो वर पेठेतलाच, विशी-पंचविशीचा मुलगा आहे. तुम्ही त्याला दादा म्हणता, तो तुम्हाला काका किंवा ताई म्हणतो, आणि पाण्याची बाटली भरून घेतली का एवढंच विचारून चालू लागतो.

त्याच्या पावलांकडे पाहा. तो हळू चालतो. वाट अंगाखालची असूनही हळू चालतो, कारण दिवसभर चालणाऱ्याची चाल अशीच असते. शहरातून आलेला माणूस पहिल्या चढाला धावतो आणि दुसऱ्या वळणावर धापा टाकत बसतो. तुम्ही त्याच्यामागे राहा. त्याचं पाऊल पडेल तिथे तुमचं पाऊल, त्याचा वेग तोच तुमचा वेग. काही वेळाने लक्षात येईल की विचारांची गतीही उतरली आहे. पायांना जे जमलं ते मनाने आपसूक उचललं.

तासा-दीड तासाने झाडी विरळ होते आणि पठार लागतं. हीच पेठ. थोडीशी घरं, गुरांचे गोठे, पेंढ्याच्या उडव्या, अंगणात वाळत घातलेलं काहीबाही. वर पाहिलंत तर सुळका अगदी डोक्यावर आला आहे.

इथे थांबू. आपल्याला गड पाहायचा आहे आणि त्याच्याखालचं गावही पाहायचं आहे. खरं म्हणजे दोन्ही मिळून एकच जागा आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला असंच दृश्य आहे. सुमारे 35 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या खडकावर किल्ला, आणि त्याच्या दारातून उतारावर पसरलेलं जुनं शहर. 1995 साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. रोज तिथे वाटाड्यांच्या मागे माणसांचे थवे चालतात. कोथळीगडाचा कातळही लाव्ह्याचाच, दख्खनचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले त्याच यादीत गेले. त्यांत याच रायगड जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी आहेत. कोथळीगड नाही, आणि त्याबद्दल हळहळायचं कारण नाही. यादीत नसलेल्या जागेकडे आपण पाटी न वाचता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो.

गडाला गाव कशासाठी लागतं, यावर थोडं थांबू. कातळावर धान्य पिकत नाही. हवालदार, सबनीस, कारखानीस ही गडावरची कागदावर येणारी माणसं. पण दाणागोटा वर चढवणारे, लाकूड तोडून आणणारे, गवत रचणारे, घाटवाटांवर नजर ठेवणारे, रात्री खालून कोण आलं हे चाहुलीवरून ओळखणारे लोक घेऱ्यात, म्हणजे गडाभोवतीच्या वस्तीत, राहत. त्यांची नावं बखरींत फारशी येत नाहीत. इथून वर वांद्रे खिंडीतून घाटमाथ्यावर वाट जाते. ती वाट राखायची म्हणून हा गड, आणि गड राखायचा म्हणून ही वस्ती. पुढे चालणाऱ्या मुलाकडे या नजरेने पुन्हा एकदा पाहा. त्याच्या पूर्वजांनी नेमकं काय केलं हे आपण सांगू शकत नाही. पण या वाटेवर येणाऱ्याला वर घेऊन जाण्याचं काम इथे कुणी ना कुणी कायम करत आलं आहे, आणि आज ते तो करतो आहे.

पुढचा चढ उभा आहे. पडलेल्या दरवाजाचे अवशेष ओलांडले की कातळात खोदलेली भैरोबाची गुहा लागते. चपला बाहेर काढा. आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ द्या. आधी जमीन दिसेल, सपाट, गार. मग खांब दिसतील, वरच्या बाजूला कोरीवकाम असलेले. मग कोपऱ्यातले तोफगोळे. भिंतीला पाठ लावून बसा. इथे काय घडलं ते आता सावकाश ऐकायचं आहे.

संभाजी महाराजांच्या काळात या गडावर शस्त्रांचा साठा होता. ते हेरून 1684 च्या नोव्हेंबरात, म्हणजे याच हवेत, मोगलांनी गड घेतला. अब्दुल कादर हा त्यांचा सरदार. त्यांच्यासोबत मराठ्यांच्या बाजूने फुटून गेलेलेही होते. दाराशी येऊन आपण तुमचीच माणसं आहोत असं भासवलं गेलं आणि आतल्यांनी दार उघडलं. पुढच्या वर्षी गड परत घेण्यासाठी नारोजी त्रिंबक आले, लढले आणि पडले.

लढाई क्षणभर बाजूला ठेवा. दार उघडणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. रात्रीची वेळ कल्पा. थंडी आहे, पहारा आहे, खालून हाक येते. हाक आपल्या बोलीतली आहे. हत्यारं न्यायला आपलीच माणसं येणार, हे त्याच्यासाठी रोजचं असावं. अडसर काढताना त्याच्या मनात शंका आली असेल का? आली असेल आणि त्याने ती झटकली असेल का? आपल्या माणसाला दारात उभं करून त्याच्यावर संशय घ्यायचा, हे कुणाही भल्या माणसाला जड जातं. इतिहास त्याला गाफील म्हणून मोकळा होतो. मला तसं म्हणवत नाही. त्याने आपल्या भाषेवर विश्वास टाकला. अपराध असलाच तर तो त्या भाषेत खोटं बोलणाऱ्याचा आहे.

आता हेच स्वतःकडे वळवा. अशी कोणती हाक आहे जिला तुम्ही न तपासता दार उघडता? अशी कोणती आहे जिला, खरी असूनही, तुम्ही दार उघडलं नाही? उत्तर लगेच द्यायला हवं असं नाही. प्रश्न गुहेतल्या गारव्यात थोडा वेळ तसाच राहू द्या.

उठा. बाहेर येऊन बाजूने वर पाहा. सुळक्याच्या पोटात जिना आहे. हा जिना हेच कोथळीगडाचं खरं नवल. पायऱ्या कड्याला बाहेरून चिकटवलेल्या नाहीत, कातळ आतून पोखरून काढलेल्या आहेत. एक हात भिंतीवर ठेवा आणि चढा. पायऱ्या उंच आहेत, गुडघा चांगला वर घ्यावा लागतो. मध्ये त्या झिजून खोलगट झाल्या आहेत. तळहाताखाली टाकीचे घाव लागतील, तिरके, जवळजवळ. एका घावावर बोट थांबवा. एका माणसाने एकदा हातोडा उचलला आणि मारला, तेव्हा हा एवढा कपचा निघाला. मग त्याने पुन्हा हातोडा उचलला. पगार काय मिळत होता, जेवायला काय होतं, छातीत धूळ किती गेली, यांतलं काही दगडावर लिहिलेलं नाही. घाव मात्र जसाच्या तसा आहे. मध्येच कपारीतून उजेडाचा पट्टा येतो आणि पुढची पायरी दिसते. एकावेळी एकच पायरी दिसते, आणि तेवढंच पुरतं.

वर पोचलात. माथा लहान आहे. पाण्याचं टाकं आहे, तोफ आहे आणि चारी बाजूंना मोकळं आकाश. सेल्फी काढायची असेल तर आधीच काढून घ्या आणि फोन ठेवून द्या. गाणी लावू नका. वर येऊन स्पीकर लावणाऱ्यांना मी हात जोडून सांगत आलो आहे की इथला वारा ऐकायला लोक एवढे चढून येतात. पूर्वेला सह्याद्रीचा कडा आहे, भीमाशंकर त्याच्यावर. उत्तरेकडे सिद्धगड. 2 जानेवारी 1943 रोजी त्याच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना पोलिसांच्या गोळ्या लागल्या. कोतवाल माथेरानचे, म्हणजे पश्चिमेला दिसतो त्या डोंगरावरचे. वकिली करणारा हा माणूस इंग्रजांविरुद्ध विजेचे मनोरे पाडायला रानात शिरला, तेव्हा त्याला आसरा दिला तो असल्याच वाड्या-पाड्यांनी. 1817 च्या डिसेंबरात कॅप्टन ब्रूक्सने कोथळीगड इंग्रजांसाठी घेतला होता. पुढे सव्वाशे वर्षांनी गड रिकामे होते, पण त्यांच्याखालची माणसं रिकामी झाली नव्हती.

आता खाली पाहा. पेठेची घरं इथून मुठीत मावतील एवढी दिसतात. तिथून धूर निघतो आहे. तुमचं जेवण शिजतं आहे.

उतरताना जिन्यात तोंड भिंतीकडे ठेवा, वाटाड्या सांगेल तसं. पेठेतल्या घरी पोचलात की ओटीवर बसा. जमीन शेणाने सारवलेली, भिंत कारवीच्या काठ्यांचा कूड करून मातीने लिंपलेली. पाट मांडला जातो. तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, कांदा. "पोटभर खा, लाजू नका," घरची बाई म्हणते आणि न विचारता दुसरी भाकरी वाढते. पहिला घास सावकाश चावा. या भाकरीचा तांदूळ बहुधा सकाळी पाहिलेल्या खाचरांसारख्याच एखाद्या खाचरातला.

जेवून झाल्यावर एक जड गोष्ट मनात आणायची आहे. माथेरानच्या डोंगरापलीकडे, खालापूर तालुक्यात, इर्शाळगड आहे. त्याच्या अंगावर इर्शाळवाडी होती, ठाकर आदिवासींची. गडावर जाणारे लोक अशाच ओट्यांवर टेकत, अशीच भाकरी खात, पाणी भरून घेत. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली आणि वाडीचा बराचसा भाग मातीखाली गेला. वर जायला रस्ता नव्हता. बचावपथकं पावसात डोंगर चढून गेली, मोठी यंत्रं नेता आली नाहीत. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसं सापडली नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला गेला.

या आकड्यांपाशी थांबा. 57 माणसं तिथेच आहेत. कितीतरी गिर्यारोहकांकडे त्या वाडीतल्या ओट्यांचे फोटो असतील, आणि फोटोतल्या माणसाचं नाव त्यांनी विचारलेलं नसेल. त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. गडाचा प्रत्येक दगड आपण वाचतो, त्याचा सनावळीसह अभ्यास करतो, आणि ज्या अंगणातून जातो ते अंगण मात्र फक्त वाट म्हणून ओलांडतो. हे बदलायला हवं. समोर जी ताई ताट उचलते आहे तिचं नाव विचारा. पावसात दरड कुठे सरकते, शाळेला मुलं किती लांब जातात, रात्री-बेरात्री कुणी आजारी पडलं तर खाली कसं नेतात, हे विचारा. आणि ती सांगू लागली की मध्ये बोलू नका.

ऊन कलतं आहे. निरोप घ्या. उतार गुडघ्यांना त्रास देतो, तेव्हा सकाळपेक्षाही हळू चला. आंबिवलीच्या थांब्यावर एसटीची वाट पाहताना काही आठवायचा प्रयत्न करू नका. जे राहायचं ते आपोआप राहील. मग डोळे उघडा, खोलीतल्या वस्तूंकडे पाहा, हातपाय हलवा.

हे मनन ज्यांना प्रत्यक्ष करायचं असेल त्यांनी दिवाळीनंतर जावं. पावसाळ्यात जिन्याच्या पायऱ्या निसरड्या होतात, आणि मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी या डोंगरांत जाऊच नये. पेठेतल्या घरी आदल्या दिवशी जेवणाचं सांगून ठेवा, वाटाड्या गावातलाच घ्या, आणि तो जे पैसे सांगेल ते घासाघीस न करता द्या.