डब्यातली आडभिंत

खेळण्याला खरेखोटे असते का? असा प्रश्न कोणी विचारला तर आपण हसून सोडून देऊ. दिवाळीत अंगणात मुलांचा किल्ला उभा राहतो. वर महाराजांचे सिंहासन, बुरुजांवर मावळे, आणि पायथ्याशी मातीच्या वाघाशेजारी खाकी वेषातला पोलीस निवांत उभा असतो. 'बाबा रे, तू कोणत्या शतकातला?' असे त्या पोलिसाला कोणी विचारीत नाही. किल्ला रायगड की प्रतापगड, याचीही चौकशी होत नाही. तो किल्ला आहे, एवढे पुरे. खेळाचा तो हक्कच आहे.

पण एखादे वर्षी घरातला थोरला मुलगा जरा वाचू लागलेला असतो आणि तो किल्ल्यापुढे पाटी लावतो: 'राजगड'. झाले! आता तीन माच्या हव्यात, बालेकिल्ला हवा, आणि पोलिसाला रजा द्यायला हवी. पाटी लागली की खेळाच्या अंगावर एक जबाबदारी येते. ही जबाबदारी कुठवर पोहोचते, हाच या लेखाचा विषय आहे. आणि मला तो सुचला तो किल्ल्यामुळे नव्हे, आगगाडीमुळे.

माझा एक बालमित्र बरीच वर्षे अमेरिकेत, शिकागोजवळ, राहतो. नोकरी संपल्यावर त्याने घराच्या तळघरात छोट्या आगगाड्यांचा संसार मांडला. ज्यांनी पुण्याला कोथरूडमधले, १९९८ साली उघडलेले जोशी यांचे छोट्या रेल्वेंचे संग्रहालय पाहिले असेल, त्यांना या वेडाची कल्पना येईल. मित्राच्या गाड्या खऱ्या गाडीच्या १/८७ मापाच्या आहेत. ८५ फुटी खरा डबा त्याच्या टेबलावर १२ इंचांहून थोडा कमीच भरतो. हे माप ऐकून मला वाटले होते, एवढ्याशा डब्यात खरेखोटे ते काय असणार! त्याच्याशी फोनवर बोलू लागलो आणि हळूहळू कळले, की त्या १२ इंचांत इतिहासाचा एक सबंध वर्ग भरतो.

त्याची पहिली तक्रार दुकानदारांबद्दल असते. साचा करणे महाग, म्हणून कारखानदार एका साच्यातून डबे काढतो आणि त्यांनाच दहा रेल्वे कंपन्यांचे रंग फासून विकतो. प्रत्यक्षात त्यांतल्या एखाद्याच कंपनीकडे तसला डबा असे. बाकीच्या नऊंच्या रुळांवर तो कधी धावलाच नाही. मुलांना आणि आजोबांना त्याने काही बिघडत नाही. रंग ओळखीचा असला म्हणजे झाले. पण माझा मित्र भिंग आणि जुने फोटो घेऊन बसतो. पुलमन कंपनीच्या शयनयानांना नुसत्या क्रमांकाऐवजी नावे असत, आणि आतल्या खोल्यांच्या मांडणीवरून त्यांचे प्रकार पडत. १० एकेरी खोल्या आणि ६ दुहेरी, असा एक प्रकार पुढे फार चालला. एका अंगाला खोल्या आणि दुसऱ्या अंगाला बोळ, त्यामुळे डब्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या सारख्या नसत. उजवीकडून फोटो पाहून डावी बाजू केली, की डबा खोटा झाला. पूर्वीच्या जड डब्यांना एकेका गाड्यावर सहा चाके, नंतरच्या हलक्या डब्यांना चार. चाके मोजली की निम्मा इतिहास कळतो, असे तो म्हणतो.

बाहेरून सारखे दिसणारे डबे आतून किती निराळे असत, याची त्याने सांगितलेली एक हकीकत मला फार आवडली. फिलाडेल्फियाची बड कंपनी डब्याचा सांगाडासुद्धा गंज न चढणाऱ्या पोलादाचा करीत असे. तसाच रुपेरी डबा हवा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी पुलमन-स्टँडर्डने काही डबे साध्या पोलादाचे केले आणि त्यांवर वरून चकचकीत पन्हळी पत्रे चढवले. स्टेशनात उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखेच झगमगताना दिसत. पण पत्र्यामागे पाणी शिरून साचू लागले आणि आतले पोलाद गंजत गेले. बडचे कित्येक डबे मात्र पुढे अनेक दशके टिकले.

मग प्रश्न येतो सालाचा. १९४९ च्या २० मार्चला शिकागोहून कॅलिफोर्नियाकडे 'कॅलिफोर्निया झेफिर' ही गाडी धावू लागली. तीन कंपन्या मिळून ती चालवीत, आणि तिच्या डब्यांची नावे 'सिल्व्हर' या शब्दाने सुरू होत. १९७० च्या मार्चमध्ये ती मूळ गाडी बंद झाली. म्हणजे या गाडीची प्रतिकृती करणाऱ्याने कोणत्या वर्षाची, कोणत्या दिवसाची गाडी केली, हे सांगायला हवे. पुढे १ मे १९७१ रोजी ॲमट्रॅक या संस्थेने देशातली बहुतेक लांबपल्ल्याची प्रवासी वाहतूक हाती घेतली. निरनिराळ्या कंपन्यांकडून तिला मिळालेले डबे पहिली काही वर्षे आपापल्या जुन्या रंगांतच, एकाच गाडीत एकापुढे एक जोडले जात. हिरवा, पिवळा, रुपेरी, तांबडा! हे ऐकून मला हसू आले. जमिनीवर बसून हाताला येईल तो डबा जोडणारे अजाण पोर, त्या दोनतीन वर्षांपुरते का होईना, अगदी बरोबर होते.

इथवर सगळे मौजेचे होते. मग एके दिवशी मित्राने मला अडचणीत टाकणारा प्रश्न केला.

त्याने एक बैठकीचा डबा करायला घेतला होता. डबा १९४० च्या सुमाराचा, अमेरिकेच्या दक्षिण भागातला. दुकानात मिळालेल्या डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ बाकांच्या ओळी होत्या. मूळ आराखडा मिळवून पाहतो तो एकाच डब्यात शौचकुपांच्या दोन जोड्या, आणि मधोमध एक आडभिंत. एका अंगाला गोरे, दुसऱ्या अंगाला 'कलर्ड', म्हणजे कृष्णवर्णीय. "नाताळात नातवंडे येतात, गाडी चालवतात," तो म्हणाला, "ती भिंत बसवू की नको? तू काय म्हणतोस?"

मी लगेच उत्तर दिले नाही. आधी त्या भिंतीची कुळकथा वाचून काढली. लुइझियाना राज्याने १८९० मध्ये वेगळ्या डब्यांचा कायदा केला. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी हा माणूस न्यू ऑर्लिन्सला पहिल्या वर्गाचे तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्या आठ पणजी-पणजोबांपैकी एकच कृष्णवर्णीय, अशी त्याची वंशावळ मांडली गेली होती. दिसायला तो गोराच होता. ठरवून कायदा मोडण्यासाठीच तो बसला होता, आणि त्याला अटक झाली. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी निकाल दिला, की डबे वेगळे असले तरी सोय समान असेल तर अन्याय होत नाही. योगायोग पाहा: प्लेसी गाडीत बसला त्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, ७ जून १८९३ ला, दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनावर पहिल्या वर्गाचे तिकीट असलेल्या एका तरुण हिंदी बॅरिस्टराला डब्याबाहेर ढकलण्यात आले. त्यांचे नाव वाचकांना सांगायला नकोच.

समान सोय म्हणजे काय होते, हे वॉशिंग्टनला डोळ्यांनी पाहता येते. आफ्रिकी-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात सदर्न रेल्वेचा १२०० क्रमांकाचा असाच विभागलेला खरा डबा ठेवला आहे. २०१३ साली तो क्रेनने जागेवर उतरवला, मग त्याच्याभोवती इमारत बांधत नेली, आणि २०१६ साली संग्रहालय उघडले. त्या डब्याच्या कृष्णवर्णीयांच्या भागात शौचकूप लहान आहेत आणि सामानासाठी फळ्या नाहीत. माणसे पेट्या पायांशी घेऊन बसत. भोजनयानाची गोष्टही तीच. १९४२ मध्ये एल्मर हेंडरसन हे सरकारी कामावर निघालेले गृहस्थ सदर्न रेल्वेच्या भोजनयानात गेले. स्वयंपाकघराजवळची दोन टेबले पडदा लावून कृष्णवर्णीयांसाठी ठेवायची, असा नियम. पण त्या टेबलांवरही गोरे बसलेले होते. 'थोडे थांबा, बोलावतो' असे त्यांना सांगितले, आणि बोलावणे आलेच नाही. १९५० साली न्यायालयाने तो प्रकार बेकायदा ठरवला, आणि १९५५ च्या नोव्हेंबरात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाड्यांतली ही विभागणी बंद करण्याचा आदेश निघाला.

आता बसवू की नको? नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला क्षुल्लक वाटत नाही. खेळ हा विसाव्यासाठी असतो. जगात दुःख काय कमी आहे, म्हणून ते मुलांच्या गाडीतही भरायचे? शिवाय प्रतिकृतीत कितीतरी गोष्टी गाळाव्याच लागतात. इंजिनाचा धूर नसतो, प्रवाशांचा घाम नसतो, डब्यांतला वास नसतो. मग एक भिंत गाळली तर बिघडले कुठे?

बिघडते ते गाळण्यात नव्हे, गाळण्याच्या कारणात, असे मला विचारांती वाटू लागले. जी गोष्ट माप लहान पडते म्हणून करता येत नाही, ती गाळण्यात कसलाही दोष नाही. पण ज्या माणसाने खिडकीच्या चौकटीवरचे खिळे मोजून बसवले, त्याला पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पट्टी बसवणे जड नाही. ती पट्टी तो गाळतो ती बसत नाही म्हणून नव्हे, बोचते म्हणून. गाळणाऱ्याने स्वतःला एवढेच विचारावे: हे मला जमत नाही, की सोसत नाही? पहिले उत्तर कारागिराचे आहे. दुसरे आले, तर प्रश्न कारागिरीचा उरला नाही.

आणि दुसरा मुद्दा पाटीचा. 'ही एक आगगाडी' म्हणून जो खेळतो, त्याने कोणालाच वचन दिलेले नसते. त्याच्या गाडीत भिंत नसली तरी तो खोटे बोलत नाही. 'ही अमुक कंपनीची, १९४० सालची गाडी, जशी होती तशी' असे जो म्हणतो, तो मात्र वचनात बांधला गेला. या छंदिष्टांची एक चाल मला फार प्रामाणिक वाटते. हुबेहूब डबा मिळाला नाही, की ते जवळपासचा डबा लावतात आणि पाहुण्याला आपण होऊन सांगतात, 'हा बदली आहे बरे का!' जे आपल्याजवळ नाही ते नाही म्हणून सांगितले, की अपुरेपणासुद्धा खरा होतो. चकचकीत पत्र्याखाली गंज लपवणे वेगळे आणि डबा अपुरा आहे हे सांगणे वेगळे.

याहून एक मोठी गोष्ट या प्रकरणाने मला शिकवली. खिळे मोजणाऱ्या माणसांना आपण हसतो. बारीकसारीक गोष्टींत अडकून त्यांना मुद्द्याचे दिसत नाही, असे म्हणतो. पण इथे काय झाले? पुलमनच्या वैभवाची जाहिरात पाहणाऱ्याला ती भिंत कधीच दिसली नसती. ती दिसली चाके आणि शौचकूप मोजणाऱ्याला. बारीक गोष्टीशी इमान राखता राखता तो अशा जागी येऊन पोहोचला, की जिथून मोठ्या गोष्टीकडे पाठ फिरवणे शक्य राहिले नाही.

हे सगळे परदेशाचे म्हणून आपल्याला सुटका नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात मसूर नावाचे स्टेशन आहे. १९०१ च्या सुमारास लहानगे भीमराव आंबेडकर भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघून तिथे उतरले. न्यायला कोणी आलेले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली, आणि मुले महारांची आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला. पुढे दुप्पट भाडे कबूल केले आणि गाडी मुलांनीच हाकायची ठरले, तेव्हा एक गाडीवान मिळाला. मुले गाडीत, तो पायी! आगगाडीच्या डब्यात आडभिंत नव्हती. ती स्टेशनाबाहेर होती, आणि लाकडाची नसल्यामुळे कोणत्याही आराखड्यात सापडणार नाही. उद्या कोणा हौशी माणसाने त्या काळच्या मसूर स्टेशनाची प्रतिकृती केली आणि कौले, घंटा, पाटी सगळे बरोबर जमवले, तर त्या बैलगाडीशेजारी पायी चालणारा गाडीवान तो ठेवील का? मला वाटते, ठेवावा.

मित्राला मी माझे मत कळवले. त्याने भिंत बसवली. त्याच्या डब्याचे छप्पर निघते, त्यामुळे वरून पाहिले की ती दिसते. त्याच्या आठ वर्षांच्या नातीने पहिल्याच दिवशी विचारले, "आजोबा, ही मध्ये का? या लोकांना पलीकडे जायचे असले तर?" त्याने तिला समजेल एवढे सांगितले. तिने ऐकून घेतले, थोडा वेळ गप्प राहिली आणि मग गाडी सुरू केली.

मुलांचा खेळ दुःखाने मोडतो, ही भीती बहुधा मोठ्यांची असते. मुले प्रश्न विचारतात, उत्तर खरे आहे की उडवाउडवीचे हे चटकन ओळखतात, आणि पुन्हा खेळू लागतात. आपण त्यांच्या हाती पूर्वजांचा काळ देतो तो किल्ल्यातून, गाडीतून, गोष्टीतून. तो देताना त्यातले झगमगीत पत्रे तेवढे द्यावेत आणि भिंती काढून घ्याव्यात, असा मोह होणे साहजिक आहे. पण भिंत काढून घेतली, की ती कोणी पाडली, पाडताना काय सोसले, हेही त्याबरोबर निघून जाते. प्लेसीने काढलेले तिकीट आणि पडद्याजवळ उपाशी ताटकळलेला हेंडरसन यांना मग कोणत्याच गाडीत जागा उरत नाही.