पडद्यामागचा माणूस

चेन्नईत, पार्थसारथी मंदिराच्या तिरुवल्लिकेणीत, एकेकाळी स्टार टॉकीज होतं. तमिळ शहरात तिथे हिंदी चित्रपट लागत. नायक-नायिका सर्वांना ठाऊक. प्रोजेक्टर चालवणारा मात्र कुणालाच नाही.

अशा थिएटरांच्या केबिनमध्ये उकाडा असे, कार्बनच्या कांड्यांचा धूर असे. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमके. पहिल्या ठिपक्याला पुढचं रीळ लावलेलं दुसरं यंत्र सुरू करायचं, दुसऱ्याला चित्र त्यावर घ्यायचं. मध्ये जेमतेम सात-आठ सेकंद! चुकलं तर शिट्ट्यांचा पाऊस; जमलं तर कुणाला पत्ताही नाही.

चोख कामाचं हेच दुर्दैव, ते दिसत नाही. तुमच्याही अवतीभवती असं कुणीतरी असेल. आज त्यांना नावानं हाक मारा आणि आवर्जून धन्यवाद द्या.