कोशातला जीव

आम्हा उर्दू शाळांतल्या मास्तरांना पतंग भेटतो तो गझलेत. शमेवर जळणारा परवाना आम्ही मुलांना इश्काचा नमुना म्हणून शिकवतो. सावलीच्या बाजूच्या जंगलात ऐनाच्या झाडावर वाढणारा खराखुरा पतंग मात्र आमच्या धड्यात येत नाही.

हा टसरचा पतंग. चंद्रपूर-गडचिरोलीतली ढिवर माणसे त्याच्या अळ्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर सोडतात आणि पाखरांपासून, मुंग्यांपासून राखत बसतात. पाला खाऊन अळी फुगते, फांदीला देठ बांधून कोसा लटकवते आणि आत निजते. पुढे निघणाऱ्या पतंगाला काही खाता येत नाही. जोडी जमवायची, अंडी घालायची, थोड्या दिवसांत मरायचे, एवढेच त्याचे आयुष्य. तेही बियाण्यासाठी राखलेल्या कोशांतल्यांनाच मिळते. बाकीच्या कोशांतला जीव उष्णतेने मारतात, कारण पतंग कोसा ओलावून, भोक पाडून बाहेर पडला की धागा अखंड निघत नाही.

रेशीम पुरुषांना हराम, स्त्रियांना हलाल, हे आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ असते. ही बंदी नेसणाऱ्यावर आहे. कोशातल्याचे काय? फकीहांनी गरजेपोटी मुभा दिली आहे, आणि ढिवराची चूल पाहिली तर ती योग्यच वाटते. तरी मनात खुपते. बकरी ईदला आपल्याला हिंसक म्हटले जाते, तेव्हा आपल्यातला कोणीतरी हटकून विचारतो, "मग तुमच्या लग्नातले रेशमी शालू?" बिनतोड वाटते खरे. पण निकाहाचा जोडा आपल्याही घरी रेशमाचाच येतो, हे आपण सोयीने विसरतो.

कुर्बानीची सुरी धारदार हवी, जनावराला यातना कमी व्हाव्यात, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्या हदीसची सुरुवातच प्रत्येक गोष्टीत भलाई राखण्याच्या हुकमाने होते. दुसऱ्या एका हदीसमध्ये कोणा नबींना मुंगी चावली म्हणून त्यांनी सारे वारूळ जाळवले. एका मुंगीपायी तस्बीह करणारी अख्खी उम्मत जाळलीस, असा जाब अल्लाहने विचारला. जिथे मुंगी हिशेबात धरली जाते, तिथे कोशात निजलेला जीव कसा सुटेल?

पतंग उडून गेलेल्या फुटक्या कोशांचेही सूत कातता येते. ते जाडेभरडे असते, चमकही बेताची. पुढच्या लग्नाच्या बस्त्याला आम्ही तेच कापड मागून पाहणार आहोत. दुकानदार काय म्हणेल याची काळजी नाही. नवरीच्या आईला कसे समजवावे, ते अजून सुचलेले नाही.