ज्याचा व्यवहार त्याच्या हाती

पगाराच्या दिवशी पालघर जिल्ह्यातल्या बोईसरच्या कारखान्यांची शिफ्ट सुटते, तेव्हा गेटबाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक जण मोबाइल काढून पाहतो. पैसे जमा झाले का, ओव्हरटाइम धरला का, हप्ता कापून उरले किती? एवढं बघायला दोन क्षण पुरतात. मग मोबाइल खिशात जातो आणि माणूस रिक्षाकडे वळतो. आपल्या पैशाची गोष्ट आपल्यापाशीच राहते. ती तशी राहणं किती मोलाचं आहे, हे एरवी आपल्या मनातही येत नाही.

ज्याला दिसत नाही, किंवा मशीनमध्ये सापडून ज्याची बोटं गेली, त्याला मात्र ती गोष्ट अनेकदा स्वतःपाशी ठेवता येत नाही. कंपनीचं अ‍ॅप त्याला वाचता येत नाही किंवा चालवता येत नाही, म्हणून तो मोबाइल पुतण्याच्या हाती देतो, शेजाऱ्याच्या हाती देतो. “जरा बघ रे, किती आलेत.” मागोमाग पासवर्ड सांगावा लागतो, मग ओटीपी. पगार किती, कर्ज किती, दवाखान्याचं बिल कशाचं, हे सगळं दुसऱ्याला कळतं. तो दुसरा माणूस लबाड निघाला तर नुकसान होतंच. पण तो अगदी सज्जन असला तरीही एक गोष्ट जाते. मोठ्या माणसाने आपला व्यवहार आपण करावा, त्यात कुणी डोकावू नये, हा त्याचा हक्क जातो.

कंपन्यांच्या डिजिटल सेवा दिव्यांगांना वापरता याव्यात, या मागणीच्या मुळाशी मला ही गोष्ट दिसते. आपण तिच्याकडे सोय म्हणून पाहतो, जमलं तर करू म्हणतो. खरं तर हा माणसाच्या स्वाधीनतेचा प्रश्न आहे.

अंध माणूस मोबाइल वापरतो तो ऐकून. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, संगणकावर एनव्हीडीएसारखा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर असतो. बोट जिथे टेकेल तिथे काय आहे, ते हा आवाज सांगतो. पण अ‍ॅप करणाऱ्याने जे लिहून ठेवलं असेल तेवढंच त्याला सांगता येतं. ‘पैसे पाठवा’ या बटणाला आतून नावच दिलेलं नसेल, तर कानावर फक्त ‘बटण’ एवढंच पडतं. पुढचंही बटण, त्याच्या पुढचंही बटण. कोणतं दाबलं की पैसे जातील आणि कोणतं दाबलं की रद्द होईल, हे त्याने कसं ओळखावं? कर्णबधिर ग्राहकाला तक्रारीसाठी फक्त फोन नंबर दिलेला असतो. ज्याचा हात थरथरतो, त्याचा फॉर्म भरून होण्याआधीच वेळ संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखा म्हणणारी चौकट तर अंध माणसाला पहिल्याच पावलाला अडवते. ही प्रत्येक अडचण कुणीतरी, विचार न करता, तयार केलेली आहे. म्हणून ती काढताही येते.

प्रज्ञा प्रसून यांच्यावर अ‍ॅसिडहल्ला झालेला होता. २०२३ साली त्या बँकेत खातं उघडायला गेल्या. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायची होती. त्यांना ती करता येत नव्हती. समोर जिवंत माणूस उभा होता, पण तो जिवंत असल्याचा पुरावा यंत्राला मिळत नव्हता. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अंध वकील अमर जैन यांचीही अशीच याचिका होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलं. उघडझापेला पर्याय द्या, सेवांची ठरावीक काळाने तपासणी करा, चाचणीत अंध व्यक्तींना सहभागी करून घ्या, असे एकूण वीस निर्देश दिले.

कायदा त्याआधीही होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. सेवा देणारा सरकारी असो की खासगी, नियम लागू झाल्यापासून दोन वर्षांत त्याने आपली सेवा सुगम्य करावी, असं त्याच्या कलम ४६ मध्ये लिहिलं आहे. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे मुदत २०१९ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

पालघरकरांना हा विषय परका वाटू नये, याला कारणं आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. जव्हार-मोखाड्याच्या माणसाने एका दाखल्यासाठी ठाण्याला जाऊन दिवस मोडू नये, कचेरी त्याच्या जवळ यावी, ही त्यामागची मोठी आस होती. मोबाइलवरची सेवा हीच आस आणखी पुढे नेते, कचेरीच हातात आणून देते. पण ज्याला घाट उतरून बसने येणं सर्वांत अवघड, त्या दिव्यांग माणसासाठीच ती उघडत नसेल, तर अंतर कमी झालं कुणासाठी?

दुसरं कारण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. इथे रसायनं आहेत, प्रेस आहेत, रोलिंग मशीन आहेत. स्फोट, गळती, भाजणं या बातम्या आपण वाचत आलो आहोत. ज्या दिवशी एखाद्याच्या डोळ्यांत आम्ल उडतं, त्या सकाळपर्यंत तो हजेरीच्या यंत्रावर इतरांसारखाच बोट टेकवत असतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. ही काही वेगळ्या गावची माणसं नाहीत. यांतली कितीतरी आपल्यासारखीच धडधाकट होती. हेल्मेट, गॉगल, हातमोजे यांचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीने अपघातानंतर त्याच कामगाराला आपलं अ‍ॅप चालवता येईल का, याचाही हिशेब ठेवायला हवा. सुरक्षिततेचाच तो पुढचा भाग आहे.

अशी सेवा केली की म्हाताऱ्यांना फायदा होतो, उन्हात स्क्रीन पाहणाऱ्यांनाही होतो, असं सांगितलं जातं. ते खरं आहे. पण कारण म्हणून मला ते पुढे करायचं नाही. हजार कामगारांत एकालाच त्याची गरज असली, तरी त्या एकाचा हक्क हजारावा हिस्सा होत नाही. तो पुरताच असतो.

आणि हे जमण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी नोट ओळखून बोलून सांगणारं ‘मनी’ हे अ‍ॅप आणलं. ते इंटरनेटशिवायही चालतं. अंध माणूस स्वतःच्या नोटा स्वतः ओळखू शकतो, दुकानदाराच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. कुणीतरी आधी विचार केला म्हणून ते झालं. बटणांना नावं देणं, अक्षरं ठळक ठेवणं, व्हिडिओखाली मजकूर देणं, फोनसोबत मेसेजनेही तक्रार घेणं, यांत अवघड काही नाही. सुरुवातीलाच केलं तर खर्चही फार नाही. घर बांधून झाल्यावर दार रुंद करायला गेलं की मात्र भिंत फोडावी लागते.

घरच्यांनी मदत करू नये, असं यात कुठेही नाही. माया आहे तिथे मदत होणारच. पण मदत घ्यावीशी वाटणं वेगळं आणि मदतीवाचून अडून बसणं वेगळं. पहिल्यात माणूस मोकळा असतो. दुसऱ्यात त्याला दुसऱ्याच्या सवडीवर आणि मर्जीवर जगावं लागतं.

वसाहतीतल्या बऱ्याच कंपन्या स्वतः अ‍ॅप करत नाहीत, बाहेरून करून घेतात. पंप किंवा व्हॉल्व्ह मागवताना पर्चेस ऑर्डरमध्ये मानक लिहावंच लागतं, तसं इथेही लिहावं. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानक याच कामासाठी आहे. माल आला की तो तपासून घेतात. तसंच अ‍ॅप तयार झाल्यावर एखाद्या अंध व्यक्तीला, हाताने अधू झालेल्या कामगाराला, कर्णबधिर ग्राहकाला ते वापरायला द्यावं, त्या वेळेचा मोबदला द्यावा आणि ती व्यक्ती कुठे अडते ते पाहावं. शेवटी सही करणाऱ्याने एकच प्रश्न विचारावा: आमच्याकडचा प्रत्येक माणूस आपली पगारस्लिप दुसऱ्या कुणालाही न दाखवता वाचू शकतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर काम अपुरं आहे. बिल पास करू नये.